पिवळ्या फितीचं स्वागत

चर्चच्या फाटकावर ‘सर्वांचे मनःपूर्वक स्वागत’ अशी निळी पाटी लागली, त्या दिवशी इस्त्रीमावशीने ती ओल्या फडक्याने पुसून लख्ख केली. पुसता पुसता तिच्या मनात आलं, की इतकी वर्षं पाटी नव्हती तेव्हा माणसं आत यायची ती काय भिंतीवरून उड्या मारून? पण ती बोलली नाही. चर्चची झाडलोट करणाऱ्या बाईने मनात येईल ते बोलायचं ठरवलं, तर उपासना दुपारपर्यंत सुरू व्हायची नाही.

इस्त्रीमावशी हे काही तिला आईबापांनी दिलेलं नाव नव्हे. आठवड्याचे सहा दिवस ती चौकातल्या लाँड्रीत उभी असायची, पुढ्यात लांब टेबल, टेबलावर जाड कांबळं, आणि हातात ती जुनी अवजड इस्त्री, जिची वायर दर दोन महिन्यांनी मालक स्वतः बांधायचा आणि स्वतःच ‘नवीन घेऊ’ म्हणायचा. एकतीस वर्षं. शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी सकाळी मात्र ती चर्चची. बाक पुसायचे, वेदीवरचं पांढरं कापड धुऊन कडक इस्त्री करायची, प्रभुभोजनाचे इवलेसे काचेचे पेले एकेक करून विसळायचे, उपासनेची पत्रकं दुमडून दाराशी ठेवायची. लोकांचे कपडे इतकी वर्षं हाताळलेल्या बाईला माणूस ओळखायला त्याचं तोंड बघावं लागत नाही. गावातल्या धार्मिक, अधार्मिक, प्रतिष्ठित, उंडग्या अशा सगळ्यांच्या कॉलरी तिच्या हाताखालून गेल्या होत्या, आणि न मळलेली एकही तिने पाहिली नव्हती. त्यामुळे कोणाचा फार आदर करणं तिला जमत नसे, आणि कोणाची फार घृणा करणंही.

स्वागत समितीचं मात्र तसं नव्हतं. तिला दोन्ही जमायचं, आणि एकाच वेळी जमायचं.

समिती निघाली ती बाक रिकामे दिसू लागले म्हणून. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, कुठल्याशा तीन दिवसांच्या शिबिराला गेल्या आणि येताना एक जाडजूड फाइल घेऊन आल्या. ज्या बाईंच्या धाकाने दोन पिढ्यांची पोरं सकाळी पोट दुखतंय म्हणून अंथरुणात लोळत राहिली, त्या आता लोकांना अंथरुणातून उठवून चर्चला आणणार होत्या. त्यांच्या जोडीला विमावाला. या गृहस्थांना लांबून येताना पाहिलं की माणसं चपलेचा अंगठा तुटल्यासारखी खाली वाकत आणि समोरच्या गल्लीत शिरत. त्यांना दारात उभं केलं. का, तर त्यांना लोकांशी बोलायची सवय आहे! बोलायची होती, हे खरं. ऐकून घ्यायची लोकांना नव्हती, एवढंच.

मग प्रशिक्षण सुरू झालं. हो, हसण्याचं प्रशिक्षण. विमावाल्याने फळ्यावर लिहून दाखवलं की हसू तीन सेकंद टिकलं पाहिजे. त्याहून कमी म्हणजे तुटकपणा, त्याहून जास्त म्हणजे लगट. सात सभासद बाकांवर बसून एकमेकांकडे बघत तीन-तीन सेकंद हसत होते, आणि मावशी मागे पायऱ्या पुसत होती. त्या दिवशी तिला पहिल्यांदा दातांच्या डॉक्टरची कीव आली. बिचारा दिवसभर हेच बघतो.

पण समितीची खरी करामत म्हणजे पिवळी फीत. नव्याने येणारा माणूस चटकन ओळखू यावा, सगळ्यांनी जाऊन त्याला भेटावं, म्हणून दारातच त्याच्या छातीवर टाचणीने पिवळी फीत लावायची. मग त्याला सगळ्यात पुढच्या बाकावर बसवायचं, कारण पाहुण्याला मान. मग एक फॉर्म. सव्वीस प्रश्न. नाव, पत्ता, बाप्तिस्मा कुठे झाला, कोणी दिला, लग्न झालं का, कुठे झालं, नसेल तर का नाही, घरात कोण कोण, कुठल्या सवयी सोडायच्या आहेत. शेवटचा प्रश्न होता, ‘आमच्या चर्चमध्ये आपणास घरच्यासारखे वाटले का?’ त्याच्यापुढे हो आणि नाही असे दोन चौकोन.

आता बाजारातून आणलेल्या कोंबडीलासुद्धा पहिला दिवस कोपऱ्यात बसायचं असतं, एवढं कोणालाही कळतं. चर्चला पहिल्यांदा येणारा माणूस तर कसल्या ना कसल्या ओझ्याने वाकून आलेला असतो. त्याला खांबाआड जागा हवी असते, डोळे पुसले तर कोणी बघू नये असं वाटत असतं. यांनी त्याला टाचणी लावली, पुढे बसवला आणि दीडशे माणसांना त्याच्या मानेकडे तासभर बघायला लावलं. चार महिन्यांत चारजण आले. एक नर्स, एक नवराबायको, आणि बायको जाऊन महिना झालेले एक गृहस्थ. त्या गृहस्थांना ‘वैवाहिक स्थिती’ या रकान्यात काय लिहायचं ते सुचेना, तेव्हा विमावाल्याने मदत करावी म्हणून विचारलं, “अजून नवीनच आहे ना? मग ‘विवाहित’च लिहा, पुढे बदलू.” चौघांपैकी कोणीही परत फिरकलं नाही. समितीची बैठक झाली. चर्चा झाली. निष्कर्ष निघाला की पाहुण्यांची आध्यात्मिक तयारी कमी पडते.

मावशीला हे सगळं गमतीचं वाटलं असतं, आणि चार महिने वाटलंही. पण मग लेकीचा फोन आला.

लेक एकुलती एक. आठ वर्षांपूर्वी ती नवऱ्याला सोडून निघाली होती. नवरा मारत नव्हता, पीत नव्हता, संशय घेत नव्हता. लोकांना सांगायला एखादं धड कारणसुद्धा तिने ठेवलं नाही. “त्याच्या घरात मी असले काय आणि कपाट असलं काय, त्याला फरक पडत नाही,” एवढंच ती म्हणाली होती. त्याच महिन्यात ती एका गॅरेजवाल्याबरोबर राहायला लागली. पहिला कागदोपत्री मोकळा झाला, त्याने दुसरं लग्नही केलं, पण हिने गॅरेजवाल्याशी लग्न काही केलं नाही. विचारलं की म्हणायची, “एकदा केलं होतं ना, बघितलं की.” दोघांना सहा वर्षांची मुलगी होती.

ती गॅरेजवाल्याकडे राहायला गेली तेव्हा चर्चच्या महिला मंडळाच्या तीन बायका तिच्या घरी गेल्या होत्या. तिने दार उघडलं नाही, म्हणून जिन्यातच उभं राहून त्यांनी प्रार्थना केली. मोठ्याने. नावासकट, कारणासकट, तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशी. देवाला बहुधा कमी ऐकू येतं असा त्यांचा समज असावा. त्या दिवसापासून लेकीने चर्चचं नाव टाकलं.

मावशीने मात्र तिच्या घरी जाणं सोडलं नाही. पहिल्याच गुरुवारी ती गेली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “हे बरोबर नाही. लग्न हे देवापुढचं वचन आहे, ते असं खुंटीवरच्या छत्रीसारखं काढून ठेवता येत नाही. आणि दुसऱ्याबरोबर राहायचं तर त्यालाही वचन दे. मी हे मानते आणि मरेपर्यंत मानणार. आता सांगितलं, झालं. काय केलंयस जेवायला?” लेक रडली, चिडली, आणि मग तिने बटाट्याचा रस्सा वाढला. त्यानंतर आठ वर्षं दर गुरुवारी मावशी तिथे जेवत होती, आणि तो विषय तिने पुन्हा काढला नव्हता. काढायची गरजही नव्हती. दोघींनाही तो माहीत होता, घरात जसा खांब माहीत असतो आणि माणसं त्याला वळसा घालून चालतात.

आठ वर्षं तिने देवाकडे एकच गोष्ट मागितली होती, की लेक एकदा येऊन बाकावर बसू दे. पुढचं तुझं तू बघ.

आणि आता लेक फोनवर म्हणत होती, “आई, पोरगी सारखी विचारते, आजी रविवारी जाते ते घर दाखव. मी येऊ का तिला घेऊन? कोणी काही बोलणार नाही ना? एक जरी माणूस खालवर बघत पुढे आला ना, मी उठेन, आणि मग आयुष्यात पुन्हा येणार नाही. आधीच सांगून ठेवते.”

“ये गं,” मावशी म्हणाली. “मी आहे ना.” आणि फोन ठेवल्यावर तिला पिवळी फीत आठवली.

इथे तिने एक चूक केली. फीत लावू नका एवढंच सांगावं म्हणून ती पाळकसाहेबांकडे गेली. पाळकसाहेब तरुण होते, मऊ आवाजाचे; कोणाला आपण आवडलो नाही असं वाटलं की त्यांना रात्री झोप लागत नसे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे ओले केले, आणि मावशी फाटकाबाहेर पडायच्या आत मोठ्या बाईंना फोन केला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई लाँड्रीत हजर. मावशी एका डॉक्टरचा कोट करत होती. वाफेच्या पलीकडून बाईंचा चेहरा आनंदाने फुललेला दिसला. इतक्या महिन्यांनी समितीला खरीखुरी पापी बाई सापडली होती.

“मावशी, अहो, केवढी आनंदाची बातमी! आणि तुम्ही आम्हाला सांगितली नाहीत?”

“सांगण्यासारखं काय, बाई. लेक येतेय.”

“असं कसं! हरवलेलं लेकरू परत येतंय. आम्ही ठरवलंय, तिने दोन मिनिटं साक्ष द्यावी. काही लिहायला नको, मी लिहून देते. कुठून कुठे आले, एवढंच. आणि वार्षिक अंकासाठी एक फोटो. तुम्हीही उभ्या राहा बाजूला.”

मावशीने इस्त्री उभी केली. “ती बसायला येतेय, बाई. उभी राहायला नाही.”

“पण मावशी, लोकांना प्रेरणा मिळेल.”

“कसली? घर सोडायची?”

दुकानाचा मालक मागे रजिस्टर उघडून बसला होता, त्याने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. बाईंचा तीन सेकंदांचा नियम संपला. त्या जरा पुढे वाकून, शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, “एक विचारू? राग मानू नका. तुम्ही दर आठवड्याला तिच्याकडे जेवता म्हणे. म्हणजे तुम्हाला ते मान्य आहे?”

“मान्य नाही. भूक असते.”

“असं दोन्हीकडे राहून चालत नाही हो.”

“तुमचा कोट नाही ना हा?” मावशी म्हणाली. “मग जरा सरका, बाही करायचीय.”

बाई गेल्या. समितीत त्यांनी सांगितलं की मावशी भावनिक झाल्या आहेत, त्यांना समजून घेतलं पाहिजे. या मंडळींनी एखाद्याला समजून घ्यायचं ठरवलं की त्याने सावध व्हावं.

शनिवारी दुपारी मावशी पत्रकं दुमडायला बसली. एकशे साठ पत्रकं, मधोमध एक घडी, नखाने दाबून. विसाव्या पत्रकाला तिचा हात थांबला. सुरुवातीचं गीत होतं. त्यानंतर नेहमी गुडघे टेकून म्हणायची पापकबुली असायची. तिथे लिहिलं होतं, ‘स्वागताचे दोन शब्द’. तिने पत्रक उलटून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. पापकबुली कुठेच नव्हती.

पाळकसाहेब मागच्या खोलीत उपदेश लिहीत होते.

“साहेब, पापकबुली छापायची राहिली.”

“राहिली नाही, मावशी. काढली.” ते उठून उभे राहिले, तिला खुर्ची दिली. “तुमच्या लेकीसाठीच. इतक्या वर्षांनी यायचं आणि पहिल्याच पाच मिनिटांत पाप, पाप ऐकायचं... तिला टोचेल. आपल्याला कोणाला काही म्हणायचं नाहीये ना? मी तर हळूहळू तो शब्दच कमी करतोय.”

मावशी बसली नाही. “तिला टोचेल म्हणून सगळ्यांची काढली?”

“हो. सगळ्यांना मोकळं वाटेल.”

“आणि मी काय म्हणू?”

“म्हणजे?”

“मी आठवडाभर लोकांवर चिडते, मालकाला शिव्या घालते, काल तर मोठ्या बाईंबद्दल असं काही मनात आणलंय की तुमच्यासमोर सांगता यायचं नाही. ते सगळं मी रविवारी तिथे आणून टाकते. तुम्ही जागाच काढून घेतली. मी ते घरी ठेवू कुठे? एकच खोली आहे माझी.”

पाळकसाहेब हसले, प्रेमाने, लहान मुलाकडे बघून हसतात तसे. “मावशी, तुमच्यासारख्यांना कसलं आलंय पाप!”

आजवर तिचा असा अपमान कोणी केला नव्हता. “साहेब,” ती म्हणाली, “त्यात ‘आम्ही’ असं आहे. ‘ती’ असं नाही. मोठ्या बाई, विमावाले, तुम्ही, मी, सगळे एका पातळीवर, जमिनीवर. तेवढी तीन मिनिटं तर इथे कोणी कोणाकडे खालवर बघत नाही. कारण मान खाली असते. तेच तुम्ही काढलंत, आणि बाईंचं भाषण ठेवलंत.”

“समितीने ठरवलंय, मावशी. आता छापूनही झालंय.” छापलेल्या कागदापुढे त्यांची श्रद्धा अपार होती.

ती परत आली आणि उरलेली पत्रकं दुमडली. काम ते काम.

रविवारी लेक आली. निळा साधा ड्रेस, केस घट्ट बांधलेले, हातात पोरीचा हात. मावशीने त्यांना बाजूच्या दाराने आत घेतलं आणि चौथ्या रांगेत, कडेला बसवलं. पोर छताकडे बघून म्हणाली, “आजी, हे सगळं तू पुसतेस? तिथं वर पण?” “वर देव पुसतो,” मावशी म्हणाली आणि आपल्या नेहमीच्या जागी, दाराशेजारच्या स्टुलावर जाऊन बसली. तिथून तिला लेकीची अर्धी पाठ दिसत होती. त्या पाठीवरून तिला सगळं कळत होतं.

विमावाला दोन मिनिटांत तिथे पोचलाच. गिधाडाला तरी थोडा वेळ लागतो.

“या, या! स्वागत! ही आपली फीत...”

“नको, राहू द्या,” लेक म्हणाली.

“नाही नाही, नियमच आहे. आणि जागा पुढे आहे तुमची.”

“मी इथे ठीक आहे.”

“मला द्या!” पोर म्हणाली, आणि फीत तिने आपल्या फ्रॉकला लावून घेतली. विमावाल्याने तीन सेकंद हसून फॉर्म आणि पेन लेकीच्या मांडीवर ठेवलं. लेकीची पाठ ताठ झाली. मावशीने स्टुलाची कड घट्ट धरली.

गीत झालं. लोक बसले. मोठ्या बाई माइकपाशी गेल्या, घसा साफ केला.

“आज आपल्या सगळ्यांसाठी विशेष दिवस आहे. आज आपल्यामध्ये अशी एक पाहुणी आहे, जी एके काळी आपल्यातलीच होती. आयुष्यात काही चुकीची वळणं...”

दीडशे मुंडकी वळली. शिकवल्याबरहुकूम सगळ्यांच्या तोंडावर हसू होतं. चौथ्या रांगेत लेकीने पर्स खांद्याला लावली, फॉर्म बाकावर ठेवला, पोरीचा हात धरला आणि उठायला लागली.

मावशी उभी राहिली. काय करायचं ते तिने ठरवलं नव्हतं. एवढंच कळत होतं, की ती पाठ आता दाराबाहेर गेली तर पुन्हा यायची नाही. ती पापकबुली तिला तोंडपाठ होती, पन्नास वर्षांची. तिने तोंड उघडलं, आणि शब्दच येईना. एकही नाही. “हे...” एवढं म्हणून ती उभीच. आता मुंडकी तिच्याकडे वळली. बाई माइकमधून म्हणाल्या, “मावशी, काही होतंय का तुम्हाला?”

उभं राहून ते तिने जन्मात कधी म्हटलं नव्हतं. ते तिच्या डोक्यात नव्हतंच मुळी, गुडघ्यात होतं.

मावशीने स्टुलापुढच्या फरशीवर गुडघे टेकले. हाडं वाजली. आणि गुडघे टेकताक्षणी शब्द आले, सरळ, ओळीने, “हे दयाळू बापा, आम्ही तुझ्यापुढे...”

मग जे झालं, त्याला भक्ती म्हणायचं की सवय, हे ज्याचं त्याने ठरवावं. जुन्या माणसांनी ते शब्द ऐकले आणि त्यांची शरीरं आपसूक खाली गेली. बाकांना लावलेल्या, गुडघे टेकायच्या फळ्या धडाधड खाली पडल्या, एका रांगेमागून दुसरी. मावशी मध्येच एक ओळ विसरली, तर मागून पाच-सहा घोगऱ्या आवाजांनी ती पुरी केली. विमावाला पुढे जात असताना वाटेतच अडकला होता. चारी बाजूंनी लोक खाली गेल्यावर तो एकटाच खांबासारखा उभा दिसायला लागला, तेव्हा तोही वाकला. पाळकसाहेबांनी पत्रकाकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, आणि कोणाला नावडायचं याचा हिशेब चटकन करून गुडघे टेकले. उरल्या मोठ्या बाई. त्यांच्या तोंडात वाक्य अर्धवट होतं आणि ऐकायला समोर फक्त माथे होते. त्यांनी माइक बंद केला. मग त्याही बसल्या, जरा त्रासाने, कारण संधिवात होता. त्यांच्या ओठांनी शब्द मात्र बिनचूक म्हटले. शुद्ध बोलणं हा त्यांचा एकच खरा गुण.

लेक अर्धी उठली होती. पोरीने हात सोडवून कधीच गुडघे टेकले होते, कारण सगळे टेकत होते. लेक क्षणभर तशीच अर्धवट राहिली. मग तिची पाठ बाकाआड दिसेनाशी झाली. मावशीला पुढचं काही दिसलं नाही. तिची मान खाली होती.

उपासना संपल्यावर मोठ्या बाई बाकापाशी आल्या. झालं ते काही झालंच नाही असं दाखवण्यात त्यांची अख्खी नोकरी सरली होती. “बरं वाटलं, आलीस ते. तेवढा फॉर्म दे भरून.”

लेकीने फॉर्म उचलला, वाचला, सावकाश, शेवटपर्यंत. “बाई, यातला नववा प्रश्न, ‘कोणाशी वैर आहे का, असल्यास का’. तुमचा भरलेला फॉर्म दाखवता का आधी? कसं लिहायचं ते कळेल.”

“आमचा कशाला? हा नवीन लोकांसाठी आहे.”

“अच्छा. म्हणजे जुन्यांचं सगळं मिटलंय.” तिने फॉर्म चार घड्या करून बाईंच्या हातात दिला. “छान.”

बाहेर रस्त्याला लागल्यावर दोघी सावकाश चालू लागल्या. पोर पुढे उड्या मारत होती.

“ते काढलं होतं ना त्यांनी?” लेक म्हणाली. “पत्रकात नव्हतं ते.”

“हो.”

“माझ्यासाठी?”

“हो.”

“बघ म्हणजे. पाहुणा आला की लोक चांगली भांडी काढतात. यांनी मला बघून कपाटात लपवली. वाटलं असेल, ही बाई फोडेल.” ती चालता चालता थांबली. “तू एवढी खाली बसलीस, गुडघे बघितलेस का? फाडलीस ना साडी.”

“फाटू दे. आणि हे बघ, मी आज जे केलं त्यावरून असं समजू नकोस की...”

“माहीत आहे, आई. तुझं मत बदललेलं नाही.”

“नाही बदललं.”

“बदललं असतं तर मी आले नसते,” लेक म्हणाली. “पाळकांसारखं मऊ मऊ बोलणारं माणूस मला नको असतं. त्यांना मी काय करते याचं काहीच वाटत नाही, म्हणून ते मला बरं म्हणतात. तुला वाटतं. आठ वर्षं तुला वाटतंय, आणि तू जेवायला येतेस.” आणि मग चिडून, “रडू नकोस, लोक बघतायत.”

समितीची तातडीची बैठक झाली. उपासनेत व्यत्यय आणल्याबद्दल मावशीला समज देण्यात आली. समज पाळकसाहेबांनी दिली, इतक्या हळू आवाजात की ती माफी मागितल्यासारखी वाटली. “पत्रकात छापा, साहेब,” मावशी म्हणाली, “म्हणजे मला बोलावं लागायचं नाही.” त्याच बैठकीत समितीने आपल्या अहवालात नोंद केली, की स्वागत मोहिमेस यश येऊन एक कुटुंब परत जोडले गेले, फीत योजना पुढील वर्षीही चालू ठेवावी. टाळ्या वाजवून ठराव मंजूर झाला. या लोकांना बुडताना पाहिलं तरी हात देऊ नये. ते वर येतील आणि पोहण्याचा वर्ग काढतील.

पुढच्या रविवारच्या पत्रकात पापकबुली होती. बारीक टायपात, पण होती.

आणि लेक आली. पोर पळत आली. त्यांच्या मागे, फाटकाशी जरा अंतर ठेवून, गॅरेजवाला उभा होता. धुतलेला शर्ट, नखांत काळं तेल. ते कितीही घासलं तरी जात नाही. मावशी दारात पत्रकं घेऊन उभी होती. आठ वर्षांत तिने दर गुरुवारी त्याच्या हातचा चहा घेतला होता, पण तो इथे येईल असं तिच्या प्रार्थनेतसुद्धा नव्हतं.

पाळकसाहेब लगबगीने पुढे झाले, दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. “या, या! अगदी निःसंकोच या. इथे कोणी कोणाला काही म्हणत नाही.”

“मी म्हणते,” मावशी म्हणाली.

पाळकसाहेबांचा चेहरा पडला. गॅरेजवाल्याने हात सोडवून घेतला आणि मावशीकडे पाहिलं.

“लग्नाचं म्हणणार आहे,” ती म्हणाली. “तिला म्हणून झालं, तुम्हाला म्हणायचं राहिलंय. पण ते नंतर. आत्ता घंटा झालीय. आत चला, चौथ्या रांगेत जागा धरलीय.”

“म्हणा की,” गॅरेजवाला म्हणाला. “मी म्हटलं, आठ वर्षं झाली, मला कधी म्हणणार.” आणि पायपुसण्यावर बूट घासून तो आत गेला.